आधी बॅटरी बघा, मग कॅमेरा

प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. बी.ए. झालं, फोटोचा नाद मोबाईलवर लागला, शिवणकामातून ४० हजार जमवले. मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली नाटकं, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), गावातले साक्षगंध (साखरपुडे) आणि बारसे काढायचे आहेत. जमलं तर त्यावर चार पैसेही मिळवायचे आहेत. गावात लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही, पावसाळ्यात डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की दोन-दोन दिवस अंधार. तर पहिला कॅमेरा कोणता घ्यावा आणि तो चार्ज कसा ठेवावा?

ताई, तुम्हाला हे दोन प्रश्न वाटतात. आपल्याकडे तो एकच आहे. मी वीसेक वर्षं झाडीतली, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली लग्नं आणि नाटकं काढून राहिलो. जे फोटो हुकले त्यातला एकही मेगापिक्सेल कमी पडले म्हणून हुकला नाही. बहुतेक सेल बसला म्हणूनच हुकले.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालायचा. सिंदेवाहीकडे एक लग्न होतं, सेल गावातल्याच किराण्यातून घेतलेले. हळदीचे पंधरा-सोळा फोटो निघाले. मंगलाष्टकं संपत आली, मामाने अंतरपाटाचं टोक सैल सोडलं आणि स्क्रीनवर बॅटरी बदलायची सूचना आली. सेल काढले, धोतराला पुसले, तळहातावर चोळून पुन्हा घातले. लेन्स बाहेर आली, आत गेली, बंद. पाठीमागे अक्षदा पडून राहिल्या होत्या. नवरीच्या बापाने मला एक शब्द म्हटला नाही, नुसतं पाहिलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गंमत म्हणजे तेच दोन सेल घरी आणून भिंतीवरच्या घड्याळात घातले तर ते सात-आठ महिने चालले. म्हणजे सेल रिकामे नव्हतेच. घड्याळाला थेंब-थेंब करंट लागतो, कॅमेऱ्याला एकदम घागरभर. साध्या सेलच्या आतला अडथळा जास्त, त्यामुळे एकदम ओढलं की त्याचं वोल्टेज खाली बसते आणि कॅमेऱ्याला वाटते सेल संपला. आजही जुना पेन्सिल सेलवाला कॅमेरा कोणी स्वस्तात देऊन राहिला असेल, किंवा पुढे तुम्ही वरून लावायचा फ्लॅश घेतला (त्याला चार लागतात), तर रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचेच सेल घ्या. त्यावर १.५ ऐवजी १.२ वोल्ट लिहिलेलं असते, म्हणून लोक त्याला कमजोर समजतात. पण एकदम ओढलं तरी तो दम सोडत नाही. डब्यात ठेवल्या-ठेवल्या उतरत नाहीत अशा जातीचे थोडे महाग मिळतात, तेच परवडतात.

हे रडगाणं काही आपलंच नाही. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याला निकेल-कॅडमियमच्या १६ बॅटऱ्या लागत, वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फोटो केवढा? शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचा.

आता मुद्द्यावर. दुकानात जाण्याआधी कॅमेऱ्यांची नावं पाठ करू नका, बॅटऱ्यांची करा. तुमच्या बजेटमध्ये चारच घराणी येतात. निकॉनची ईएन-ईएल१४, जी डी३१०० पासून डी३५०० पर्यंत आणि डी५१०० पासून डी५६०० पर्यंत सगळ्यांत बसते. कॅननची एलपी-ई१०, म्हणजे १२००डी, १३००डी, १५००डी, ३०००डी. कॅननचीच एलपी-ई१७, म्हणजे ७५०डी, २००डी, २००डी मार्क टू आणि पुढचे आर५०, आर१० वगैरे बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस. आणि सोनीची एनपी-एफडब्ल्यू५०, जी ए६०००, ए६४०० आणि झेडव्ही-ई१० मध्ये चालते. घराणं जेवढं मोठं, तेवढी बॅटरी नागपूरला सीताबर्डीत सोडाच, तालुक्याच्या फोटो स्टुडिओतही उसनी मिळते. ऐन हंगामात हा उसना मिळण्याचा गुण फार मोठा आहे. माझ्या दोन निकॉन बॅटऱ्या कायम कोणाच्या ना कोणाच्या बॅगेत फिरत असतात, आणि अडल्यावर त्यांच्या माझ्याकडे येतात.

एका चार्जवर किती फोटो हा आकडा कंपन्या एका ठरलेल्या जपानी चाचणीवरून देतात. डी३५०० चा १५५०, २००डी मार्क टू चा १०७०, १५००डी चा ५००, सोनी ए६००० चा स्क्रीनवर पाहून ३६०. फरक एवढा का? डीएसएलआरमध्ये आरसा असतो, समोरचा उजेड थेट तुमच्या डोळ्यात येतो, त्यात बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. सोनीसारख्या मिररलेसमध्ये तुम्ही नुसतं बघत उभ्या राहिल्या तरी सेन्सर आणि स्क्रीन चालूच. शंकरपटात जोडी सुटायची वाट बघत अर्धा-अर्धा तास डोळा लावून उभं राहावं लागते ना, तिथे हा फरक कळते. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश बसवलेला आहे त्याच्या चाचणीत निम्मे फोटो फ्लॅश मारून काढतात, म्हणून दिवसाउजेडी भराभर काढले तर प्रत्यक्षात आकडा जास्त निघतो. व्हिडिओला मात्र हे गणित धरू नका, तो बॅटरी पाण्यासारखी पितो.

म्हणून माझं मत सरळ आहे. फोटोच काढायचे असतील तर सेकंडहँड निकॉन डी३५००, नाहीतर डी५६००. डी३५०० आता नवा निघत नाही, पण चांगल्या हाताळलेल्या कॅमेरा-लेन्सच्या जोड्या मिळतात. हलका आहे, दिवसभर गळ्यात घेऊन बांधीवरून चालल्या तरी मान धरत नाही. त्याची खोट अशी की माइक लावायला जागा नाही आणि व्हिडिओत फोकस चाचपडत बसते. आजकाल साक्षगंधवाले फोटोसोबत रील मागतातच. तुम्हाला तेही करायचं असेल तर कॅननचा २००डी किंवा त्याचा मार्क टू बघा. स्क्रीन बाहेर वळते, माइक लागते, व्हिडिओत चेहरा धरून ठेवते. नवाच हवा असा घरच्यांचा हट्ट असेल तर १५००डी चा आजचा भाव विचारून बघा. वाईट नाही. फक्त त्याची बॅटरी लहान आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून तीन धरून चाला. मिररलेसवर माझा राग नाही, माझ्या बॅगेत आता एक आहे. पण तो पहिला म्हणून, आणि तेही लाईनचा भरवसा नसलेल्या गावात, मी माझ्या पोरीलाही घेऊन देणार नाही.

सगळे पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात घालू नका. लेन्ससकट कॅमेरा २५-२६ हजारांच्या आत बसवा. उरलेल्यातून दोन जादा बॅटऱ्या, यूएसबीवर चालणारा दोन खाचांचा चार्जर, २०,००० एमएएचची पॉवर बँक, ओळखीच्या दुकानातून एक खरं मेमरी कार्ड. आणि मग जे राहील त्यात १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी ५० एमएमची लेन्स, सेकंडहँड चालेल. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून निकॉनची घ्याल तर नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे की नाही ते वाचून घ्या. सोबत आलेल्या १८-५५ ने नाटक निघत नाही. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचे दिवे आता बरे असतात, तरी मशालीच्या प्रवेशाला ती लेन्स हात टेकते. रंगमंचावर एलईडी असतील आणि फोटोत काळे पट्टे येऊन राहिले तर शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, बहुतेक दिवे तिच्या दुप्पट तालावर, सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

सेकंडहँड घेताना शटर किती वेळा पडलं ते विचारा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असते. लग्नवाल्याचा कॅमेरा सहज ८०-९० हजारांवर गेलेला असतो. हौशी माणसाचा १०-१५ हजारांवर मिळतो, तो शोधा. लेन्स मागून मोबाईलच्या टॉर्चने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. आणि बॅटरी काढून काचेच्या काउंटरवर आडवी ठेवा. बोटाने एक कोपरा दाबा. डगडगली तर ती मधून फुगलेली आहे. खाचेतून निघताना अडखळली तरी तेच. फुगलेल्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या आणि ती घरी आणूच नका. जोडपट्ट्या हिरवट-काळ्या असतील तर खोडरबरने घासून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच "खराब" बॅटरी चालू लागते.

आता लाईन.

चार्जरच्या मागे बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असते: १०० ते २४० वोल्ट. याचा अर्थ संध्याकाळी सगळ्या घरचे पंखे-टीव्ही लागून वोल्टेज दीडशेवर आलं, बल्ब निखाऱ्यासारखा दिसून राहिला, तरी तुमचा चार्जर मुकाट्याने काम करते. कमी वोल्टेजने तो मरत नाही, जास्तीने मरते. आणि आपल्याकडे जास्ती येते ती न्यूट्रल तुटल्यावर. डीपीवरून गावात तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल (परतीची तार) येतो. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये २३०, पण दोन फेजच्या मध्ये चारशेच्या वर. वाऱ्याने किंवा गंजून न्यूट्रल सुटला की कोणाच्या घरी दिवा मिणमिणते आणि कोणाच्या घरी साडेतीनशे येते. पाच-सहा वर्षांमागे आषाढात माझ्या दुकानात असंच झालं. एका बोर्डवर तीन चार्जर लावून मी चहाला गेलो होतो. परत आलो तर जळक्या मच्छीसारखा वास आणि तिन्ही चार्जरच्या पोटातून काळं निघालेलं. बॅटऱ्या वाचल्या, हे नशीब. तो बोर्ड "स्पाईक गार्ड" म्हणूनच घेतलेला होता. क्षणभराचा झटका तो झेलते, पण दहा मिनिटं येत राहिलेलं साडेतीनशे वोल्ट तो अडवत नाही. त्यासाठी मीटरजवळ बसवायचा वेगळा वोल्टेज प्रोटेक्टर मिळतो, जास्त-कमी झालं की स्वतः तोडून देते आणि ठीक झालं की जोडते. पुढे कामाचे पैसे आले की वायरमनकडून बसवून घ्या, फ्रिज-टीव्हीही वाचते.

तोवर गरिबाचा उपाय सांगतो, मी अजूनही हाच करतो. भिंतीवर फक्त पॉवर बँक लावायची, आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पॉवर बँकवर. लाईन असली की पॉवर बँक भरते, नसली की ती बॅटऱ्या भरते. न्यूट्रल गेलाच तर तीनशे रुपयांचा मोबाईल चार्जर जळेल. आणि बॅटरी भरायला लाईन यायची वाट बघावी लागत नाही, तुमचं वेळापत्रक आणि लाईनचं वेळापत्रक वेगळं होते.

किती वेळा भरेल ते कागदावर मांडता येते. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ वोल्टच्या सेलचा, म्हणजे गुणून हजाराने भागलं की ७४ वॅट-तास वीज. वोल्टेज चढवण्या-उतरवण्यात तिसरा हिस्सा उडतो असं धरा, हाती ४८-५० राहिले. निकॉनची बॅटरी १२३० एमएएच गुणिले ७.२ वोल्ट, म्हणजे नऊच्या आत-बाहेर. झालं की, पाच वेळा भरली. कॅननची एलपी-ई१० साडेसहाच्या आत आहे, ती सात वेळा. एमएएचला एमएएचने भागू नका, दुकानदार तसाच हिशेब सांगून सोळा वेळा म्हणतो.

दोन दिवस लाईन नाही, पॉवर बँकही बसली, तर घरात बघा. फवारणीचा बॅटरीवाला पंप असेल ना? त्यात बहुतेक १२ वोल्ट, ८ अॅम्पिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ९६ वॅट-तास. कारमध्ये मोबाईल लावायचा चार्जर आणि त्याला चिमटे लावलेलं सॉकेट घ्या, लाल चिमटा लाल टोकावर, आणि निम्मीच वापरा. पूर्ण उतरवली तर ती बॅटरी खराब होते आणि फवारणीच्या दिवशी घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही भरल्या आहेत. पंपाला हात लावला की मात्र साबणाने हात धुवा, औषधाचा अंश राहतोच, आणि तोच हात पुढे कॅमेऱ्यावरून डोळ्याजवळ जातो. घडीची सोलर पाटी घ्यायची तर उन्हात फक्त पाटी ठेवा, पॉवर बँक पाटीच्या सावलीत.

कारण ऊन हे आपल्याकडचं दुसरं संकट. या कॅमेऱ्यांच्या पुस्तकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असते. पुस्तक लिहिणाऱ्याने मे महिन्यातली ब्रह्मपुरी पाहिलेली नाही. पारा ४५ च्या वर जाणं आपल्याला नवं नाही, आणि टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त होते. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी लवकर म्हातारी करतात: ताप, आणि तापात पूर्ण भरून ठेवणं. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. भर दुपारी शूट करून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, माठाच्या बाजूला फडक्यावर तासभर पडू द्या. माठावर नाही, बाजूला. लग्नाचे महिने संपले आणि कॅमेरा दीड-दोन महिने बसणार असेल तर बॅटरी निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी कधी कधी परत उठतच नाही. आणि महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून भरावी हा सल्ला जुन्या निकेलवाल्या सेलचा आहे, लिथियमला तो लावू नका.

पावसाळ्यात धानाचा प्रदेश म्हणजे बुरशीचं माहेर. कॅमेरा चामड्याच्या पाकिटात कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग उतरला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा घालायच्या. आपल्याकडे ओला झालेला मोबाईल तांदळात खुपसतात, तसा कॅमेरा कोणी तांदळाच्या कोठीत ठेवायला सांगेल. ठेवू नका, कोंडा प्रत्येक फटीत जातो. मी तो ब्रशने काढत बसलेलो आहे.

बॅटरी वाचवायच्या सवयी थोड्याच आहेत. वायफाय-ब्लूटूथ बंद. फोटो काढल्यावर तो स्क्रीनवर आपोआप दिसते ते बंद, किंवा दोन सेकंदांवर. डीएसएलआर असून मोबाईलसारखं स्क्रीनवर बघून काढायची खोड लावून घेऊ नका, १५५० चे चारशे व्हायला वेळ लागत नाही. आणि मंडपातल्या पोरांना मागचे फोटो दाखवत बसू नका. हे शेवटचं मला अजून जमलेलं नाही.

बाहेरच्या कंपनीची बॅटरी घेतली तर चालते, मीही वापरतो, पण एक तरी मूळ कंपनीची ठेवा. एलपी-ई१७ च्या बाबतीत बाहेरची कधी किती उरली तेच दाखवत नाही, आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर बाहेरची बॅटरी नाकारल्याचे प्रकार निकॉनमध्ये झालेले आहेत. हंगामाच्या तोंडावर अपडेट करू नका. बॅटऱ्यांवर पांढरी पट्टी चिकटवून १, २, ३ लिहा आणि घेतल्याची तारीख टाका, म्हणजे कोणती दगा देऊन राहिली ते कळते.

पहिली परीक्षा म्हणून मंडईचं नाटकच घ्या, दिवाळीनंतर. रात्री दहा-अकराला पडदा उघडते, पहाटेपर्यंत चालते. नंबर एक कॅमेऱ्यात, दोन आणि तीन स्वेटरच्या आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी आखडते आणि उघड्या धानाच्या बांधीत पहाटे चांगलाच गारठा असतो. भरलेली बॅटरी डाव्या खिशात, संपलेली उजव्या, अंधारात चाचपायला लागू नये म्हणून. पहिल्या लावणीला सगळे फोटो उडवू नका. खलनायक मरते तो प्रवेश चारच्या पुढे येते, आणि मंडळीवाले दुसऱ्या दिवशी पोस्टरसाठी तोच फोटो मागतात.